शहिदांची नावे आधी

सोमवार, १६ डिसेंबर १९७४, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. शिरूरच्या आमच्या शाळेत विजयदिनाचा समारंभ सुरू झाला आणि मी, भौतिकशास्त्राची तेवीस वर्षांची शिक्षिका, हातातले स्टॉपवॉच दाबले. हा दिवस उगाच फुगवला जातो, हे मला आकड्यांनी सिद्ध करायचे होते. गेल्या वर्षीची माझी नोंद बोलकी होती: हार व भाषणे पंचाहत्तर मिनिटे, तालुक्यातील शहीद जवानांची नावे अर्धे मिनिट. म्हणून यंदा मुख्याध्यापकांना पटवून मी नावांचे वाचन सर्वांत आधी ठेवले. या सुधारणेबद्दल एखादे पदक मिळावे, इतकी मी स्वतःवर खूश होते.

दहाच्या सुमारास, पाहुण्यांचे भाषण रंगात आले असताना, केंदूरचे एक आबा धापा टाकत माझ्याजवळ आले. त्यांचा मुलगा एकाहत्तरच्या युद्धात गेला होता.

"बाई, माझ्या पोराचं नाव झालं व्हय?"

"झालं, आबा. नऊ वाजून बारा मिनिटांनी."

"तवा मी एसटीत! मागल्या दोन्ही साली हारतुऱ्यात तासभर गेला, तवर मी पोचलो. औंदा एवढी घाई कुणाला झाली?"

"मला," मी म्हणाले.

पाहुण्यांची क्षमा मागून मी माइक घेतला. आबा टाचा जुळवून उभे राहिले. मी त्यांच्या मुलाचे नाव, गाव आणि पलटण पुन्हा वाचली. सवय जाईना; तेही मोजले. चार सेकंद.