कुडावर वाळत घातलेल्या पन्न्या

माझे शुद्धलेखन चुकते आणि अक्षरही वेडेवाकडे आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली. हे कोणाला दाखवायचे नाही, तरी कोणाच्या हाती लागलेच तर माफ करावे.

ऐंशी साल उलटल्यावर मोहाडीच्या बाजारात दुकानदार मीठ, साखर प्लास्टिकच्या पिशवीत देऊ लागले. तिला आम्ही पन्नी म्हणत होतो. त्याआधी मासोळी पळसाच्या पानात यायची आणि बाकी सामान जुन्या लुगड्याच्या झोल्यात. पन्नी फुकट मिळे, भिजत नसे. मला ती टाकवत नव्हती. एकेक पन्नी धुऊन मी कुडाच्या काड्यांना अडकवून वाळवायची. गल्लीतल्या साऱ्याच बाया तसे करत. मिठाची पन्नी धुतली तरी तिची चव जात नाही, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

त्याच वर्षी मोठ्या जाऊबाईने मला एक कालवड बटईने दिली. सांभाळायची मी, पहिले वासरू माझे, गाय तिची. माझ्या लेकरांना दूध सणालाच दिसायचे. कालवड गाभण राहिली तेव्हा मी धाकटीला सांगूनही टाकले की आता तुला रोज वाटीभर मिळेल.

सहाव्या महिन्यात कालवडीने चारा सोडला. पोट फुगले. गुरांचा डॉक्टर तुमसरहून येईपर्यंत ती मेली होती. ढोर फाडणाऱ्या म्हाताऱ्याने मला बोलावले. आतून पिळलेल्या पन्न्यांचा गोळा निघाला, घागरीच्या तोंडाएवढा. वासरूही होते. ते त्याने दाखवले नाही, मीच पाहिले.

"मिठाच्या नादानं कुडावरून ओढल्या असतीन, बाई," तो म्हणाला.

जाऊबाई मागेच उभी होती. "तुले गाय पोसाले देल्ली होती वं, का पन्न्या चाराले?"

माझा नवरा म्हणाला, "तिले काय माहीत होतं, वहिनी?"

"मंग मले माहीत होतं? कालवडीचे पैसे भरून दे मनाव."

पन्न्या तिच्याही कुडावर होत्या, आणि कालवड रोज तिच्या दारावरूनच नदीकडे जायची. हे माझ्या ओठावर आले होते. पण मला चारचौघांत बोलता येत नाही, कधीच आले नाही.

मग मी विड्या वळायला घेतल्या. तंबाखूच्या धुळीने खोकला जडला. विडी कारखान्याचा मुनीम मूठभर विड्या खराब म्हणून बाजूला काढायचा, त्यांचे पैसे नाहीत. उरलेल्यातून जाऊबाईला थोडे थोडे देत गेले. बाजारात पुन्हा लुगड्याचा झोला नेऊ लागले, तर दुकानदार हसायचा, "घ्या ना बाई, पन्नी फुकटच हाये."

फुकटच होती. धानाच्या रोवण्याच्या वेळी चिखलात पायाला गुंडाळायची, बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, पाण्यावर तरंगायची. पुढे गावात आणखी दोन गाई तशाच फुगून मेल्या. दुकानदाराला कोणी पैसे मागितले नाहीत.

चार वर्षे लागली. शेवटचे चाळीस रुपये मी दिवाळीनंतर नेऊन दिले. जाऊबाईने दोनदा मोजले आणि कमरेला खोचले.

"फिटले," ती म्हणाली. खाली बस म्हणाली नाही.