वाघाटीच्या रक्तातले चार ठिपके

सुनंदा वागळेंनी मुलुंडला पालिकेच्या दवाखान्यात एकतीस वर्षं मलेरियाच्या स्लाइड तपासल्या. निवृत्त झाल्यावर सवय सुटेना, म्हणून एक जुना मायक्रोस्कोप घेऊन खिडकीशी ठेवला होता. शेजारची गार्गी जखमी वन्यप्राण्यांच्या केंद्रात डॉक्टर. एका सकाळी ती रक्ताची एक स्लाइड घेऊन आली.

केंद्रात वाघाटी आणली होती. रानमांजरांतली सगळ्यात लहान जात, वजन जेमतेम किलोभर. एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीखाली सापडलेली. अंगभर गोचिड्या, हिरड्या पांढऱ्याफटक, खाणं बंद.

सुनंदाबाईंनी बराच वेळ पाहिलं. "मलेरियासारखंच दिसतं गं. पण हे बघ, एका पेशीत चार-चार ठिपके, फुलीसारखे. मलेरिया असा बसत नाही. हा दुसराच जंतू, गोचिडीतून आलाय."

"मलाही तेच वाटतंय, काकू. पण औषध जड आहे. केंद्राचे साहेब म्हणतात, लॅबचा रिपोर्ट आल्याशिवाय द्यायचं नाही."

लॅबला रक्त गेलं. तीन दिवसांनी उत्तर आलं, रक्त गोठलंय, पुन्हा पाठवा. पुन्हा पाठवलं, तर त्यांनी कुत्र्यांसाठीची चाचणी लावून 'निगेटिव्ह' कळवलं. चूक दाखवल्यावर तिसऱ्यांदा रक्त मागितलं. तेव्हा सुनंदाबाईंनी स्वतःच फोन लावला.

"किलोभराचं जनावर आहे हो. आधीच अंगात रक्त नाही. किती काढायचं?"

"मॅडम, आपण कोण?"

"मी स्लाइड वाचली."

"रजिस्ट्रेशन नंबर?"

त्यांनी फोन ठेवून दिला. त्यांच्या सहीवर हजारो माणसांना गोळ्या मिळाल्या होत्या. तेव्हा कुणी काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गार्गी आली ती दारातूनच म्हणाली, "तिसऱ्यांदा रक्त नाही काढलं. इंजेक्शन देऊन टाकलं."

पाचव्या दिवशी वाघाटीने खाल्लं. गार्गीला मेमो मिळाला, आणि केसपेपरवर लिहिलं गेलं, 'संशयावरून उपचार'.

"संशय कुणाला होता?" सुनंदाबाईंनी विचारलं. "मला नव्हता. तुला होता?"

"काकू, तुमचं नाव लिहायला रकानाच नव्हता."

महिन्याभराने वाघाटीला डोंगरात सोडलं. केंद्रात आणखी दोन रानमांजरं होती, गोचिड्या त्यांच्याही अंगावर. त्यांचंही थेंबभर रक्त बघू या, असं सुनंदाबाई गार्गीला तीनदा म्हणाल्या. तिन्ही वेळा साहेबांकडून एकच उत्तर आलं, लक्षणं दिसली की बघू.