तीन वाजताची सावली

दुपारचे तीन वाजले की अंगणातल्या कडुनिंबाची सावली गच्चीवर येते आणि सोलरच्या पहिल्या पॅनेलवर पडते. "एकावर पडली तरी सगळी ओळ मंदावते, काकू," पॅनेल बसवणारा म्हणाला. मला नवल वाटलं नाही. आमचे हे गेले तेव्हा कुंकू माझं एकटीचं पुसलं गेलं, पण बोलणं सगळ्या घराचंच कमी झालं.

फांद्या तोडायला बोलावलेल्या म्हाताऱ्यानं कोयता पिशवीतून काढलाच नाही. म्हणाला, "आज अक्षता ठेवून झाडाला सांगा, ताई. उद्या हात लावतो. न सांगता मी तोडत नाही."

वाटीत अक्षता घेऊन खोडापाशी गेले. काय सांगायचं? तुझी सावली आता अडचण झाली म्हणून? हे झाड यांनीच लावलेलं. बोअर आटली तेव्हा आंघोळीचं पाणी बादलीत धरून त्याला घालायचे. म्हणायचे, "याची सावली गच्चीवर पोचू दे, मग दुपारी वर खुर्च्या टाकून बसू."

वाटीतल्या अक्षता मुठीत घेतल्या, पण खोडाशी ठेवल्या नाहीत. तशाच मुठीत धरून मी गच्चीवर गेले. सावली पोचली होती. पॅनेलच्या शेजारी मी खुर्ची टाकली, एकच.