दुर्गाआत्याच्या मनगटावरचं घड्याळ

आत्या गेल्याचा निरोप मला ठाण्याला, कारखान्यात मिळाला. सकाळचे अकरा वाजले असतील. मी स्टोअर्समध्ये माल उतरवून घेत होतो आणि डोंबिवलीचे आमचे शेजारी दामूकाका दारात येऊन उभे राहिले. ते या वेळी ठाण्याला कशाला आले असतील, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. फक्त अण्णा की आई, एवढाच प्रश्न मनात आला. आत्याचं नाव मनात आलं नाही, कारण ती कधी आजारी पडलेली मी पाहिलीच नव्हती. काका म्हणाले, "श्रीधर, चल. दुर्गाताई गेल्या." वाटेत त्यांनी सांगितलं ते इतकंच : सकाळची फेरी करून आत्या दवाखान्यात आली, खुर्चीवर बसली, कंपाउंडरकडे पाणी मागितलं, आणि तो पेला घेऊन येईपर्यंत सगळं संपलेलं होतं.

याला आता पाच आठवडे झाले. मधल्या काळात गावात शोकसभा झाली. वक्त्यांनी आत्याला त्यागमूर्ती म्हटलं, सेवेचा नंदादीप म्हटलं. माणसं मनापासून बोलत होती, पण मला सारखं वाटत होतं, आत्या इथे असती तर हळूच उठून कामाला निघून गेली असती. ती नंदादीप वगैरे नव्हती. ती नर्स होती, आणि काम नीट व्हावं म्हणून लागेल ती वस्तू मिळवल्याशिवाय ती स्वस्थ बसत नसे. म्हणून मी एका वस्तूबद्दल लिहितो आहे.

आत्या ही माझ्या वडिलांची, अण्णांची, धाकटी बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत तिचा नवरा गेला आणि ती आमच्याकडे आली. पुढे पंचविशी उलटल्यावर अण्णांच्या मागे लागून ती पुण्याला गेली आणि सुईणपणाचं व नर्सिंगचं शिक्षण घेऊन आली. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी तिला डोंबिवलीच्या दवाखान्यात जागा मिळाली. तेव्हाची डोंबिवली म्हणजे स्टेशनच्या आसपास थोडी घरं आणि पुढे शेतं. आत्याचं खरं काम खाडीकाठच्या गावांत असे. ती खाजणाच्या बांधावरून चालत जाई, पलीकडे जायचं तर होडीनं. अंगावर पांढरं पातळ, खांद्याला औषधांची पिशवी, आणि कमरेला दोरीनं बांधलेलं आमच्या आजोबांचं खिशातलं घड्याळ. तिच्या दोन्ही हातांत काही नसे. विधवा बाईच्या हातांत त्या काळी काही नसायचंच, आणि आम्हा मुलांना ते हात तसेच पाहायची सवय होती.

एकदा आत्या बांधावर घसरली तेव्हा ते आजोबांचं घड्याळ चिखलात पडलं. आत्यानं ते पुसलं, वाळवलं. ते चालू लागलं. पुढच्याच आठवड्यात खाडीकाठच्या एका गावात मंजुळा नावाच्या मुलीचं बाळंतपण होतं. पहिलटकरीण. दुपारी मूल झालं, मुलगा, चांगला रडला. पण मंजुळाचं रक्त थांबेना. तिची सासू म्हणाली, "बाय, हिचं रगत थांबत नाय." आत्याचे दोन्ही हात अडकलेले, घड्याळ समोर कोनाड्यात ठेवलेलं. तिनं ठरवलं, पाव तास बघायचं. तेवढ्यात उतार पडला नाही तर होडीनं कल्याणच्या इस्पितळात हलवायचं. घड्याळात पावणेतीन वाजले होते. बऱ्याच वेळानं तिनं वर पाहिलं तर तीनला दहा मिनिटं कमी. म्हणजे पाचच मिनिटं झाली, असं ती समजली... प्रत्यक्षात मधे अर्धा तास तरी गेला होता. घड्याळ थांबलं होतं आणि मग आपोआप पुन्हा सुरू झालं होतं. होडीवाल्याला बोलवायला माणूस धावला तेव्हा ओहोटी लागून होडी चिखलात बसलेली होती. मग खाटेवर घालून बांधावरून, पुढे बैलगाडीनं... मंजुळा कल्याणच्या अलीकडेच गेली.

त्या संध्याकाळी आत्यानं हे सगळं अण्णांना ओळीनं सांगितलं. मी तिथेच बसलो होतो. ती रडली नाही. अण्णा म्हणाले, अगं, ते घड्याळाचं दुर्दैव, तू काय करणार. त्यावर ती म्हणाली, "घड्याळ चिखलात पडलं होतं हे मला माहीत होतं, दादा. मी त्याच्यावर विसंबायला नको होतं." एवढं बोलून ती हात धुवायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

आठ दिवसांनी जेवताना तिनं जाहीर केलं की तिला मनगटावर बांधायचं घड्याळ घ्यायचं आहे. अण्णांची हरकत नव्हती. बोलली ती आई. माझी आई वाईट बाई नव्हती. आत्याचं सोवळंओवळं, तिचा वेळी-अवेळी येणारा चहा, सगळं तिनं वर्षानुवर्षं सांभाळलं होतं. पण हातात घालायची वस्तू म्हटल्यावर ती बिचकली. लोक हाताकडे बघतील, म्हणाली. माझ्या बहिणीकडे बघून म्हणाली, घरात लग्नाची मुलगी आहे. आत्यानं भात कालवता कालवता उत्तर दिलं, "वहिनी, बांगडी असती तर मी मागितली नसती." आईला ते पटलं नाही. पुढचा महिनाभर दोघी कामापुरतंच बोलत होत्या.

मी नुकताच ठाण्याला नोकरीला लागलो होतो, म्हणून दुकानं दाखवायचं काम माझ्याकडे आलं. तीन रविवार आम्ही हिंडलो. कल्याणच्या दुकानदारानं बायकांची घड्याळं काढली. करंगळीच्या नखाएवढी तबकडी, सोनेरी साखळी. आत्यानं विचारलं, सेकंदकाटा कुठे आहे? बायकांच्या घड्याळाला तो नसतो, म्हणाला. मग पुरुषांचं दाखवा, आत्या म्हणाली, आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं, जणू बोलणारा मी आहे. ठाण्याच्या एका मोठ्या दुकानात सेकंदकाट्याची पुष्कळ होती. काहींना तो खालच्या अंगाला, छोट्याशा वर्तुळात. अंधाऱ्या खोपटात तो दिसायचा नाही, म्हणून ती बाद. काहींवर पाण्याला दाद देत नाही असं लिहिलं होतं. आत्यानं दुकानदाराला शांतपणे विचारलं की एक पेलाभर पाण्यात बुडवून दाखवता का. तो हसला, आणि आम्ही बाहेर पडलो. मला लाज वाटली होती. आत्याला नाही.

तिसऱ्या रविवारी तिनं विकणाऱ्याकडे जायचं सोडून दुरुस्ती करणाऱ्याकडे जायचं ठरवलं. ठाण्यातच तलावपाळीजवळ एका जिन्याखाली एक म्हातारे गृहस्थ डोळ्याला भिंग लावून बसत. आत्यानं त्यांना चांगलं घड्याळ कोणतं, असं विचारलंच नाही. तिनं विचारलं, "तुमच्याकडे परत परत दुरुस्तीला येतात ती कोणती? आणि एकदा येऊन गेली की पुन्हा दिसत नाहीत ती कोणती?" म्हाताऱ्यांनी भिंग काढलं. त्यांना असं कोणी विचारलं नसावं. त्यांनी खण उघडून आम्हाला एकेक दाखवलं. सोन्याचा मुलामा घामानं उडतो, पोलादी घ्या. मागचं झाकण दाबून बसवलेलं नको, फिरवून बसवायचं, आट्यांचं हवं. दाबलेल्यातून वाफ आत जाते. आत चाकांखाली माणकं किती बसवलीत, हे विचारू नका, सुटे भाग इथे मिळतात का ते विचारा. चामड्याचा पट्टा रोज भिजला की कुजतो. आणि पाण्याचं म्हणाल तर, ते म्हणाले, सगळा भरवसा आतल्या रबराच्या कड्यावर. ते दर दोन वर्षांनी बदललं नाही तर पाणी आत शिरणारच, दुकानदार काहीही सांगो.

शेवटी त्यांनी एक वापरलेलं घड्याळ काढलं. लढाईच्या काळात कल्याणच्या छावणीतून आलेलं, लष्करी. काळी तबकडी, पांढरे ठसठशीत आकडे, मधोमध लांब सेकंदकाटा, जाड कापडी पट्टा. काचेवर एक चरा होता. नव्यापेक्षा पुष्कळ स्वस्त, आत्याच्या पगारात बसणारं. दिसायला अगदीच ओबडधोबड. मी म्हटलं, आत्या, हे फारच शिपायाचं दिसतंय. ती म्हणाली, "शिपायाच्या हातात टिकलं ना?" तरी तिनं ते लगेच घेतलं नाही. पंधरा दिवस वापरून बघते, म्हणाली, आणि म्हाताऱ्यांनी ते मान्य केलं. त्या पंधरा दिवसांत ती रोज स्टेशनच्या घड्याळाशी ताडून बघे. ते रोज साधारण सारखंच मागे पडत होतं, अगदी थोडं. आत्याच्या दृष्टीनं हे उत्तम. चुकत असेल तर चुकू दे, म्हणायची, पण रोज तेवढंच चुकायला हवं.

ती ते मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायची, म्हणजे काच कुठे आपटत नाही आणि नाडी धरल्या हातानंच काटा दिसतो. हात धुताना पट्टा सैल करून कोपरापर्यंत सरकवायची. गावांतून तिला 'घड्याळवाली बाय' म्हणू लागले. ज्या गावातून मंजुळा गेली होती, त्याच गावात दीड-दोन वर्षांनी तसाच प्रसंग आला. या वेळी आत्यानं काटा पाहून बरोबर पाव तासानं होडी सोडायला लावली. भरतीचं पाणी होतं. ती बाई कल्याणहून आठवड्यानं आपल्या पायांनी घरी आली. आत्यानं घरी येऊन एवढंच सांगितलं की वेळेवर निघालो. मंजुळाचं नाव तिनं घेतलं नाही... आम्हीही नाही.

घड्याळावरून बोलणी व्हायची ती झालीच. ठाण्याला एका मुंजीत नात्यातल्या एक बाई आईला म्हणाल्या, तुमच्या वन्सं बऱ्याच हौशी झाल्या हो, हातात घड्याळ काय. मी पंक्तीत वाढत होतो. आई काय बोलते इकडे माझं लक्ष होतं. आई म्हणाली, "हौस नाही ती. त्यांच्या घड्याळावर दोन जीव असतात." आणि तिनं त्या बाईंच्या पानात जरा जास्तच मीठ वाढलं. आत्या त्या वेळी आत होती. तिला हे मी नंतर सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, वहिनींना सांगू नकोस मला कळलंय म्हणून.

दवाखान्यातून त्या दिवशी आत्याला घरी आणलं तेव्हा घड्याळ तिच्या हातातच होतं. आंघोळ घालताना आईनं ते काढलं. खाली कातडीवर पांढरा पट्टा उमटलेला होता. बाकी हात उन्हानं रापलेला. आईनं त्या जागेवरून एकदा बोट फिरवलं, असं माझी बायको मला म्हणाली.

आत्याच्या पेटीत वर ठेवलेली एक चिठ्ठी निघाली. पातळं कोणाला, पुस्तकं कोणाला, हे लिहिलेलं. आणि घड्याळ दवाखान्यात येणाऱ्या पुढच्या नर्सला द्यावं, रबरी कडं मागच्या दिवाळीत बदललेलं आहे. ती जागा अजून भरलेली नाही. कोणी म्हणतं महिन्यानं भरेल, कोणी म्हणतं पावसाळ्यानंतर. मी आईला म्हटलं, तोवर कपाटात ठेवून देऊ. आई नाही म्हणाली. पडून राहिलं की आतलं तेल घट्ट होतं, असं वन्सं सांगायच्या. आता ती रोज सकाळी आंघोळ झाल्यावर ओल्या हातानं नाही, हात पदराला कोरडे करून, ते घड्याळ खुंटीवरून काढते, खिडकीशी जाते, चावी देते आणि कानाला लावून बघते. मग मला हाक मारून ते माझ्या हातात देते आणि म्हणते, स्टेशनवर जातोयस ना, किती मागे आहे ते सांग. मी संध्याकाळी घड्याळ परत देताना सांगतो. ती मान डोलावते आणि म्हणते, रोजच्याएवढंच आहे.