चार टोकांची डमी

डमी म्हणजे आवाज न करणारा स्पीकर. दुरुस्त केलेला ॲम्प्लिफायर एकदा तरी पूर्ण जोरात चालवून पाहावा लागतो, नाहीतर तो ऐन लग्नाच्या मांडवात बंद पडतो. पण खरा भोंगा लावून चालवला तर सगळी गल्ली अंगावर येते. म्हणून भोंग्याच्या जागी तारेची पेटी लावायची. मशीनचा सगळा जोर तारेत जातो, तार तापते, आवाज होत नाही. आमच्याकडचे मेकॅनिक या पेटीला डमी म्हणतात. बालाघाटात या पेट्या मी बनवते. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं, तेही माहेरी, भंडाऱ्याकडे. या कामाला शिक्षणापेक्षा बोटं जास्त लागतात, आणि आता बोटंच दुखतात.

नवऱ्याचं भोंगे-मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. पहिली डमी त्याने स्वतःसाठी केली. पुढे त्याचे हात कापायला लागले, तेव्हा तार गुंडाळायचं काम माझ्याकडे आलं. तो गेला, दुकान बंद झालं, पण डमी मागायला माणसं येत राहिली. मी नाही म्हटलं नाही. आवड वगैरे काही नव्हती. घरात बसून दुसरं काय करणार होते?

काम असं आहे. हीटरची स्प्रिंग आणायची, ओढून सरळ करायची, मीटरवर मोजून तुकडे कापायचे. चिनी मातीच्या नळीवर अर्धे वेढे सुलटे आणि अर्धे उलटे घ्यायचे. सगळे एकाच बाजूने घेतले तर मशीनला ते आवडत नाही, असं नवरा सांगायचा. वेढ्याला वेढा लागू द्यायचा नाही. या तारेला रांगा, म्हणजे डाग द्यायचं कथील, धरत नाही, म्हणून टोकं पितळी नटबोल्टात आवळायची. मग सगळं भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात बसवायचं. एका डब्यात दोन डम्या असतात, कारण मशीनला दोन बाजू असतात, डावी आणि उजवी.

आता टोकांचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच अडलं. नवऱ्याच्या डब्याला बाहेर, मशीनच्या तारा जोडायला, तीनच टोकं होती. दोन लाल, एक काळं. जुन्या मशीनमध्ये दोन्ही बाजूंचं काळं शेवटी एकाच जागी, मशीनच्या अंगाला जाऊन मिळतं, म्हणून एक काळं दोघांना पुरायचं. त्याच्यानंतर मी बनवायला लागले तेव्हा एक गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, याले एक टोक कमी आहे, अधुरं दिसते." मी चौथं टोक लावलं. दिसायला. आतून दोन्ही काळ्यांना एक पितळी पट्टी जोडून दिली, म्हणजे काम तेच राहिलं आणि डबा पुरा दिसायला लागला. झाकण स्क्रूने बंद. तेव्हापासून सगळ्या पेट्या अशाच गेल्या.

मागच्या वर्षी भरवेलीचा एक मेकॅनिक आला. खाणीच्या कॉलनीत दुकान आहे त्याचं, हुशार आहे. म्हणाला, "आजी, आता हलक्या नव्या मशीनी येऊन राह्यल्या. त्याच्यात काळं म्हणजे काळं नसते. काळ्यातही करंट असते. तुमची पट्टी दोन्ही काळे भिडवते, मशीन जागच्या जागी जळन."

मी म्हटलं, "तुयी आण. काढून देतो."

त्याची पट्टी काढून दिली. बाकीच्या पेट्या बाहेर होत्या, सात की आठ, लालबर्रा, खैरलांजी, दोन-चार इथेच गावात. त्यांना निरोप पाठवायला हवा होता. नाही पाठवला. विसरले असं म्हणणार नाही. कंटाळा आला होता. पायऱ्या उतरून बसस्टँडपर्यंत जायचं म्हटलं तरी मला आता आधी दोनदा बसावं लागतं.

या वर्षी लग्नसराईच्या तोंडावर लालबर्र्याचा मेकॅनिक दारात आला. दुपारची वेळ. तो तिथे डीजेचं सामान भाड्याने देणाऱ्याच्या दुकानात नोकरीला होता. कामाला बरा, बोलायला कमी, घरात दोन पोरी आणि आजारी सासू. काखेत माझी पेटी होती.

"ठेवा मावशी. आता मले लागत नाई."

"काहून? नवी घेतली?"

"नोकरी गेली. दोन मशीनी जळल्या माह्या हातून. पयल्या वेळी मालक म्हणे मशीनच खराब असन. दुसरी जळली त म्हणे, बारात बिना गाने के नाचेगी क्या, निकल यहाँ से."

मी विचारलं, "नव्या होत्या? हलक्या?"

"हौ. एका हातानं उचलते, अशा. दुरुस्त केल्या, बराबर चालत होत्या. डमीवर लावल्या का भस्‌कन गेल्या. माया हातच बिघडला मावशी. आता खाणीत ठेकेदाराकडे जातो म्हणतो."

पाणी प्यायला दिलं. तो पीत होता तोवर मी स्क्रू काढले, झाकण उघडलं आणि पेटी त्याच्यापुढे सरकवली.

"हे पाय."

त्याने पाहिलं. कामाचा माणूस होता, दोनदा सांगावं लागलं नाही. त्याने पट्टीवर बोट ठेवलं.

"बाहेर त चार आहेत."

"चौथं दिसायले लावलं."

"तुमाले मालूम होतं? का नव्या मशीनीले चालत नाई म्हणून?"

"हौ. मागच्या साली समजलं."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"कंटाळा आला होता."

तो हसला. चांगलं हसू नव्हतं. म्हणाला, "मी आठ दिवस झाले, घरात कोनाशी बोललो नाई. हात पाहून राह्यलो स्वतःचे."

मी झाकण परत लावायला घेतलं. तो म्हणाला, "आता मालकाले कोन सांगन? मी सांगतलं त म्हणन, बुढीवर ढकलून राह्यला."

"मी सांगतो."

"तुमी काय याल तिथं, तुमच्यानं चालवत नाई."

"बसनं येतो. चालत येतो म्हटलं काय मी?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गेले. जागा मिळाली नाही. अर्ध्या रस्त्यात एका बाईने मांडीवरचं पोर दुसरीकडे देऊन मला बसायला दिलं. पिशवीत पेटी होती, तिचा कोपरा गुडघ्याला लागत होता. लालबर्र्याला उतरले तेव्हा पाठ सरळ व्हायलाच वेळ लागला. दुकान राईस मिलच्या पुढे आहे. मेकॅनिक मला स्टँडवर घ्यायला आला होता, पण दुकानाबाहेर रस्त्यावरच उभा राहिला, आत आला नाही.

आत मालक आणि दोन डीजेवाले बसले होते. मालक हिंदीतच बोलतो, मराठी समजते.

"आओ माताजी, बैठो. कौन से गाँव की शादी है?"

"लगन कोनाचंच नाई. तुमच्या दोन मशीनी जळल्या, त्या या पेटीनं जळल्या. पेटी मी बनवली. तुमच्या मेकॅनिकची गलती नाई."

मालक म्हणाला, "उसने भेजा है आपको. रो-धो के आया होगा आपके पास."

"तो बाहेर उभा आहे, त्याले विचारा रडला काय."

मी काउंटरवर पेटी ठेवून झाकण काढलं, पट्टी दाखवली, काळं काळ्याला कसं भिडतं ते सांगितलं. मालकाला मशीनमधलं कळत नाही. पण डीजेवाल्यांपैकी एकाला कळलं. तो वाकून पाहत म्हणाला, "अरे बाप रे. ये तो सीधा शॉर्ट है. इसमें लड़का क्या, उसका बाप भी मशीन जला देता."

"मगर बाहर तो चार हैं ना, माताजी?" मालक म्हणाला.

"तेच त. मी बाहेर चार ठेवले अन् आत तीन."

"फिर बनाती काहे को हो, जब आता नहीं?"

याला उत्तर होतं. जुन्या मशीनीवर या पेट्या वर्षानुवर्षं चालल्या, एकही मशीन जळली नाही, ते सांगता आलं असतं. पण ते सांगायला आले नव्हते. मी म्हटलं, "त्याले परत घेता का नाई, ते सांगा. मले बस पकडायची आहे."

डीजेवाला हसायला लागला. मालकही थोडा हसला, मग बाहेर बघून ओरडला, "अबे, अंदर आ. दरवाज़े में क्या नई दुल्हन बन के खड़ा है!" आणि मला म्हणाला, "लेकिन ये डिब्बा फिर दुकान में नहीं दिखना चाहिए."

"नाई दिसन."

मी दुकानातून निघाले तेव्हा डीजेवाला फोनवर कुणाला तरी सांगत होता की बालाघाटवाल्या बुढीच्या डमीला हात लावू नका. बरोबरच सांगत होता.

पुढचे तीन आठवडे मी पेट्या शोधत फिरले. पट्टी काढायला पाच मिनिटं लागतात, पेटीपर्यंत पोचायला दिवस जातो. इथल्या चार झाल्या. खैरलांजीला एकाने पेटी केव्हाच भंगारात दिली होती, मी उगाच गेले. दुसरा म्हणाला, "आजी, मायाकडे जुन्याच मशीनी आहेत, राहू द्या." मी राहू दिलं नाही. पट्टी काढली, काळ्याला काळं बाहेरून, डोळ्यांना दिसेल असं, तारेने जोडून दिलं आणि त्याला सांगितलं की नवी मशीन आली तर ही तार काढ. तो हौ म्हणाला. काढेल की नाही, देव जाणे. नवी ऑर्डर एकही आली नाही.

लालबर्र्याला आणखी एक पेटी होती, दुसऱ्या दुकानात. तिचं काम करून परत येताना राईस मिलपुढच्या दुकानात त्या मेकॅनिककडे डोकावले. तो एका हलक्या मशीनवर वाकला होता. बाजूला त्याने स्वतः बनवलेली डमी होती. डबा नाही, झाकण नाही. नुसत्या लाकडी फळीवर तारा ताणलेल्या, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, मधे चार बोटं मोकळी जागा.

"डब्यात काहून नाई टाकली?" मी विचारलं.

"उघडीच राहू द्या म्हटलं. सगळं दिसते."

वेढे बरे घेतले होते. पण बोल्ट थेट लाकडात ठोकले होते, आणि एकाच्या भोवती फळी तपकिरी झाली होती.

"बोल्टाखाली चिनी मातीचा तुकडा टाक. नाईतर जोर दिला का फळी पेटन."

त्याने बोट लावून पाहिलं आणि पटकन मागे घेतलं. "हौ," म्हणाला, आणि पाना शोधायला लागला. चहाचं विचारलं नाही. बस लागलेली होती, मी निघाले.