बंदुकीच्या आवाजाला न दचकणारी हरणं

जानेवारीत हरणं बघायला जायचं ठरलं ते बाबांमुळे. निवृत्त झाल्यापासून त्यांना घरात बसवत नाही. बाबा रेल्वेत गार्ड होते, आम्ही मूळचे भुसावळचे, शेवटची बदली जयपूरला झाली आणि मग तिथल्या खातीपुऱ्यातच राहिलो. सारख्या बदल्यांमुळे चौथीपर्यंत माझी शाळा घरातच भरायची. मराठी आईकडे, भूगोल बाबांकडे, तोही रेल्वेच्या टाइमटेबलवरून. खात्री करून घेतल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, ही सवय त्या शाळेतली.

म्हणून रामकरणजींना मी फोनवर सगळं विचारून घेतलं. शेतावरच्या दोन खोल्या ते पाहुण्यांना देतात. अठराशे रुपये, दोन्ही वेळचं जेवण धरून. पाणी, गीझर, कुत्रा चावतो का, सगळं विचारलं. शेवटी विचारलं, "शेजारी बंदुकीची शूटिंग रेंज आहे ना? हरणं पळून जात नाहीत?"

"नहीं जी, अब तो आदत हो गई है."

हे उत्तर ऐकून मला बरं वाटलं होतं. प्रामाणिकपणे सांगते.

शनिवारी सकाळी सातला निघालो. सीकर रोडवर विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रापाशी ट्रकांनी पाऊण तास खाल्ला, वरून धुकं. तुम्ही जाणार असाल तर सहाच्या आत ते ओलांडा. पुढे रस्ता उत्तम आहे. चौमूनंतर एका ढाब्यावर कांद्याची कचोरी आणि चहा, दोघांचे मिळून एकशेवीस. रिंगसच्या पुढे हमरस्ता सोडला की रस्ता अरुंद होतो, दोन्हीकडे मोहरी, मग वाळू आणि खेजडीची झाडं. साडेदहाला पोचलो.

रामकरणजींच्या शेतामागे गावाचं ओरण आहे. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. तिथली फांदीसुद्धा कुणी तोडत नाही. त्यात चिंकारा हरणं राहतात. ओरणाला लागून एक पडीक शेत भाड्याने घेऊन दोन वर्षांपूर्वी रेंज सुरू झाली. यंत्र मातीच्या नारिंगी तबकड्या हवेत उडवतं, पाहुणे बारा बोअरच्या बंदुकीने त्या फोडतात. दिवसभर धाड, धाड.

आणि हरणं? आठ हरणं कुंपणापलीकडे बोरीच्या झुडपांत चरत होती. धाड झालं की एखादा कान हलायचा, बस. माझ्याआधी आलेली दिल्लीची मंडळी म्हणत होती, "कितने बोल्ड हैं ना!" गवतात फुटक्या तबकड्यांचे नारिंगी तुकडे पडले होते आणि हरणं तोंडाने ते बाजूला सारून खालचं गवत खात होती. छऱ्यांचं शिसं कुठे जात असेल, हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता. मी तो रेंजवर नेमबाजी शिकवणाऱ्या कोचना विचारला. ते म्हणाले, "मैडम, आप बहुत सोचती हैं. आइए, एक बार चलाकर देखिए."

आणि मी चालवली. रेंजचा परवाना दोनदा मागून पाहिला, तो व्यवस्थित होता. दहा काडतुसांचे दीड हजार. नऊ वाया गेली, दहाव्याला तबकडी फुटली, बाबांनी टाळ्या वाजवल्या आणि मला फार मजा आली. हे लपवलं तर पुढचं काहीच लिहिता येणार नाही.

संध्याकाळी चुलीपाशी बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, कढी. भाकऱ्या थापता थापता रामकरणजींच्या बायको, त्यांना मी भाभीजी म्हणत होते, सांगायला लागल्या. पूर्वी रानात बंदूक वाजली की जो पहिला ऐकेल तो छतावर चढून थाळी बडवायचा. ती ऐकून सगळं गाव हातातलं काम टाकून रानाकडे धावायचं. शिकार कायद्याने बंद आहे, पण चोरून करणारे असतातच. थाळी ऐकली की तेही पळायचे.

"आता?" मी विचारलं.

"अब किस-किस धमाके पे भागें, बेटा? दिन में सौ होते हैं." त्यांनी भाकरी उलटली. "थाली में अब खाना खाते हैं."

रामकरणजी हसले. मी हसले नाही, पण उठून काही केलंही नाही. अंथरुणात पडून विचार मात्र भरपूर केला.

रविवारी धुकं उठायला दहा वाजले. रेंज अकराला सुरू होणार होती. मी, बाबा आणि रामकरणजी रेंजच्या छपराखाली कोचबरोबर चहा घेत होतो. बंदुका कपाटात होत्या, कपाटाला कुलूप, किल्ली कोचच्या कमरेला. आणि ओरणाच्या बाजूने आवाज आला. धाड. थोड्या वेळाने आणखी एक.

कुणी मान वर केली नाही.

"हे कोण?" मी विचारलं.

"रेंज का होगा," रामकरणजी बशीत चहा ओतत म्हणाले.

"रेंज तो यहाँ बैठी है! चाय पी रही है!"

कोच म्हणाले, "शादियों का सीज़न है, मैडम. किसी ने पटाखा फोड़ा होगा."

"सवा दस बजे? जंगल में किसकी शादी है, हिरण की?"

"मनू, हळू बोल जरा," बाबा म्हणाले. मग कोच म्हणाले पाहुणे येतील, मी जागा सोडू शकत नाही. रामकरणजी म्हणाले चहा संपवून बघू. मी म्हटलं आत्ता. ते म्हणाले, आप मेहमान हो, आराम करो. असं बारा मिनिटं चाललं. मी घड्याळ बघत होते. शेवटी बाबांनीच गाडीची किल्ली उचलली, तेव्हा कुठे रामकरणजी उठले.

एक किलोमीटरसुद्धा जावं लागलं नाही. वाळूत रक्त होतं, पिंगट केसांचा पुंजका, काहीतरी ओढत नेल्याची खूण आणि ती जिथे संपत होती तिथून मोटरसायकलचा माग. एक लाल रिकामं काडतूसही होतं. सात हरणं शंभर पावलांवर होती. चरत होती.

रामकरणजी खाली बसले. बाबा म्हणाले, "आमच्याकडे गाडी मधेच अडकली की गार्ड मागे जाऊन रुळावर पटाखे लावतो. मागून येणारा ड्रायव्हर आवाज ऐकला की गाडी थांबवतो. रोज गंमत म्हणून कुणी ते फोडले असते, तर एकही ड्रायव्हर थांबला नसता."

"बाबा, हे तुम्ही बारा मिनिटांपूर्वी का नाही बोललात?"

विचारून तर बसले, पण मीही दहा पटाखे फोडले होतेच की.

फोन केल्यावर वनरक्षक दीडला आले. भले गृहस्थ होते, एकटेच, अंगात फाटकं जॅकेट. सगळं टिपून घेतल्यावर म्हणाले, "आवाज़ रेंज का नहीं था, ये कौन कहेगा?"

"मी."

"आप तो शाम को जयपुर चली जाएँगी. यहाँ का कोई?"

कोच म्हणाले त्यांचं लक्ष नव्हतं. किल्ली त्यांच्या कमरेला, कप त्यांच्या हातात, आणि लक्ष नव्हतं! मी रामकरणजींकडे पाहिलं. ते स्वतःच्या जोड्यांकडे बघत म्हणाले, "पता नहीं जी."

मला इतका संताप आला की निरोपसुद्धा धड घेतला नाही. बाबांनी गाडीत समजावलं, रामकरणजींच्या खोल्यांना निम्मी माणसं रेंजच पाठवते. मला ते कळत होतं. कळून राग कमी होत नव्हता. मी कोचना एकच सांगून आले होते: गोळीबाराच्या वेळा ठरवा, गावात कळवा, म्हणजे त्याबाहेर आलेला आवाज चोराचा हे तरी लोकांना समजेल. ते म्हणाले, गेस्ट का कोई टाइम नहीं होता.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी रेंजने इंटरनेटवरच्या त्यांच्या पानावर माझा फोटो टाकला. खांद्याला बंदूक, चेहऱ्यावर हसू, मागे चरणारी हरणं. काढा म्हणून चार निरोप पाठवले. उत्तर आलं: "बहुत सुंदर फोटो है, मैडम."

नवव्या दिवशी रामकरणजींचा फोन आला. चौकीत जाऊन जबाब देऊन आले होते: तेव्हा रेंज बंद होती, मी तिथेच बसलो होतो, आवाज ओरणातून आला.

"आपकी भाभी ने हफ्ते भर बात नहीं की," ते म्हणाले. "रोटी देती थी, पर पटक के."

रेंजने त्यांच्याकडे पाहुणे पाठवणं बंद केलंय. दोन्ही खोल्या रिकाम्या आहेत. "आप लिखती हो ना? लिख दो. कोई आ जाए."

तेव्हा लिहिते. खोल्या स्वच्छ आहेत, गीझर चालतो, कुत्रा चावत नाही, असं जेवण जयपुरात मिळणार नाही. पण गावाचं नाव मी इथे देऊ शकत नाही. ती सात हरणं बंदुकीच्या आवाजाला पळत नाहीत, हे मी आत्ताच जगाला सांगून बसलेय. वाचणारा प्रत्येकजण कॅमेराच घेऊन जाईल, याची हमी मला कोण देणार? म्हणजे जाहिरात करायची आणि पत्ता द्यायचा नाही! आई म्हणते, असं फक्त तुलाच जमू शकतं.

ज्यांना खरंच जायचंय त्यांनी मला लिहा. मी रामकरणजींना विचारून नंबर देईन. एकच अट आहे. तिथे गोळीचा आवाज आला, तर कप खाली ठेवायचा आणि उठायचं.