बंबातला हिरवा जाळ

आज सकाळी शेजारच्या सुमनच्या बंबातनं हिरवा जाळ निघाला. तिची लेक पुढ्यात बसून हात शेकत होती. "आजी, बघ की, मोरावानी रंग!"

माझी लेक पारू बी असंच म्हणायची. मी कचरा वेचायची. गावलेल्या वायरी बंबात घालायची. आंघोळीचं पाणी तापायचं, अन् राखेत तांबं गावायचं. एका जाळात दोन कामं, म्हणून मलाच माझं कौतुक. थंडीत पारूला म्हणायची, "बस तिथंच, ऊब घे."

मग पोर जेवंना. पोटात दुखायचं. येत असलेले पाढे विसरली. डॉक्टर म्हणाले, "बाई, वायरीच्या धुरातनं शिसं रक्तात गेलंय." मला शिसं पेन्सिलीतलं ठावं. पारू गेली. चौदाव्या दिवशी मी पोतं घेऊन कामाला गेले.

आज चिमट्यानं वायरी भाईर ओढल्या. सुमन वराडली, "अवो मावशी, तांबं हाय त्यात!"

"ऱ्हाऊ दे. नुसती लाकडं घाल."

पोरगी रुसली. "मोर का इझवला?"

तिला उचलून लांब ओट्यावर नेली, पदरात घेतली. म्हटलं, "हितं बस. माझ्यापाशी ऊब हाय."